खांदा तिबेटी, बंदूक कुणाची?

२०२० च्या जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान मारले गेले. त्यानंतर एक शब्दप्रयोग वर्तमानपत्रांच्या रकान्यांतून आणि टीव्हीच्या पडद्यावरून एकसारखा कानांवर आदळू लागला: 'आता तिबेटचा पत्ता खेळा!' म्हणणाऱ्यांत निवृत्त सेनाधिकारी होते, माजी राजदूत होते, आणि ज्यांनी आयुष्यात कधी सीमा पाहिली नाही असे स्तंभलेखकही होते. मागणी मोठी सोपी. भारतात तिबेटी निर्वासित आहेत, त्यांच्यात लढवय्ये आहेत, त्यांचे एक सशस्त्र दल आपल्याकडे तयारच आहे. ते वाढवा, पुढे करा, म्हणजे चीन वठणीवर येईल. आज दोन्ही सरकारांत गोडीगुलाबी सुरू झाली असली, तरी ही मागणी मेलेली नाही. सीमेवर पुन्हा खुट्ट झाले की ती उठून बसणार, याविषयी आम्हाला शंका नाही.

आमच्यातले बरेचजण टपालखात्यातले. पत्ता म्हटला की आम्हाला डाव आठवत नाही, पाकिटावरच्या चार ओळी आठवतात. म्हणून हा पत्ता खेळू पाहणाऱ्यांना आम्ही आधी तो नीट वाचून दाखवतो. बैलकुप्पे, तालुका पिरियापट्टण, जिल्हा म्हैसूर, कर्नाटक. १९६० साली त्या वेळच्या म्हैसूर राज्याने सुमारे ३ हजार एकर जंगल जमीन काढून दिली आणि तिथे तिबेटी निर्वासितांची पहिली मोठी वसाहत बसू लागली. त्याआधी ही माणसे हिमालयात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. बाप खडी फोडतो आहे, आई पाटी उचलते आहे आणि मूल दगडाच्या ढिगाशेजारी झोपले आहे, हे चित्र आमच्या गँगमन बंधूंना समजावून सांगायला नको. तिथून त्यांना थेट दक्षिणेच्या उष्ण मुलखात आणले. त्यांनी रान तोडले, हत्तींपासून पिके राखली, मका लावला. आज तिथे हजारो लोक राहतात, आणि नामड्रोलिंग मठातले सुवर्णमंदिर बघायला कुशालनगरच्या बाजूने पर्यटकांच्या गाड्या येतात. फोटो काढतात, मोमो खातात, परत जातात.

त्याच वसाहतीत सेरा नावाचा मठ आहे आणि ताशी ल्हुन्पो नावाचाही आहे. मूळचा सेरा ल्हासाला, मूळचा ताशी ल्हुन्पो शिगात्सेला. पराभूत राष्ट्राने आपले देश गमावल्यावर त्याची नावे उचलून आणली आणि म्हैसूरच्या तांबड्या मातीत पुन्हा उभी केली. मूळच्या दोन्ही गावांना आता आगगाडी जाते. गोलमुड ते ल्हासा हा १,१४२ किलोमीटरचा लोहमार्ग १ जुलै २००६ रोजी सुरू झाला, २०१४ साली तो शिगात्सेपर्यंत गेला, आणि २०२१ च्या जूनमध्ये ल्हासाहून न्यिंगची, म्हणजे आपल्या अरुणाचलच्या अगदी डोक्यावर, गाडी पोचली. समुद्रसपाटीपासून ५ हजार मीटरवर रूळ टाकणाऱ्या कामगारांना आमचा सलाम. पण त्या रुळांवरून माल आणि प्रवासी जातात तसे सैन्यही जाते, हे आम्ही विसरत नाही. बैलकुप्प्याला मात्र अजून गाडी नाही. म्हैसूरला उतरायचे आणि ऐंशीएक किलोमीटर मोटारीने जायचे.

तिबेटशी आपले, म्हणजे टपालवाल्यांचे, नाते याहून जुने आहे, आणि ते आज फार थोड्यांना ठाऊक असेल. १९०४ च्या ब्रिटिश स्वारीनंतर ग्यांत्से, यातुंग, फारी या ठिकाणी हिंदुस्थानच्या टपाल-तार खात्याची कार्यालये चालत होती. तिथे आपली तिकिटे चालत, आपले तारवाले बसत. २९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंगमध्ये भारत-चीन करार झाला. पंचशील म्हणून ज्याचा गजर आपण शाळेत ऐकला तो हाच. त्यात ही टपाल-तार-टेलिफोन सेवा आणि १२ विश्रामगृहे चीनच्या हवाली करायचे ठरले, यातुंग-ग्यांत्सेतली आपली लष्करी तुकडी परत बोलावली, आणि १९५५ साली कचेऱ्यांच्या किल्ल्या दिल्या. तिबेटच्या वतीने त्या करारावर कुणाची सही नव्हती. त्या देशाचा पराभव तोवर होऊन गेला होता: १९५० च्या ऑक्टोबरात चामडो पडले, १९५१ च्या मे महिन्यात सतरा कलमी करार गळ्यात मारला गेला. आपण ज्याला पत्ता समजतो आहोत तो असा दुसऱ्यांच्या सह्यांनी आधीच एकदा खेळला गेलेला आहे.

आता मुद्द्यावर येऊ. हरलेल्या राष्ट्राच्या हाती पुन्हा शस्त्र देणे म्हणजे त्याला न्याय देणे, असे सर्वसाधारण माणसाला वाटते. आमचे म्हणणे असे की शस्त्र कुणी दिले आणि थांबायचा हुकूम कुणाच्या खिशात आहे, हे पाहिल्याशिवाय न्यायाची भाषा करू नये. तिबेटी माणसाच्या हाती गेल्या सत्तर वर्षांत दोनदा शस्त्र दिले गेले. दोन्ही वेळा देणारा दुसरा होता, आणि दोन्ही वेळा हिशेब देणाऱ्याच्या बाजूने मिटला.

पहिली वेळ अमेरिकेची. १९५७ पासून सीआयएने खाम प्रांतातल्या तरुणांना बाहेर नेऊन शिकवायला सुरुवात केली. आधी सायपान बेटावर, पुढे कोलोरॅडोच्या डोंगरातल्या कॅम्प हेलवर. १९५८ साली 'चुशी गांगद्रुक' ही बंडखोरांची संघटना उभी राहिली. विमानांतून बंदुका टाकल्या गेल्या. पण किती? तिबेट मुक्त होईल इतक्या कधीच नाहीत. चीनच्या पायात काटा मोडून राहील इतक्याच. १९५९ च्या मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला, तो चिरडला गेला, दलाई लामा भारतात आले. १९६० पासून उरलेल्या लढवय्यांना नेपाळच्या मुस्तांग भागात बसवले. तिथून ते सीमा ओलांडून चिनी ताफ्यांवर छापे घालत. १९६१ साली अशाच एका छाप्यात चिनी लष्कराच्या गोपनीय कागदपत्रांचे गाठोडे हाती लागले आणि वॉशिंग्टनमध्ये आनंदीआनंद झाला. आता विचार करा, त्या छाप्यात तिबेटला काय मिळाले? एक इंच जमीन नाही. अमेरिकेला कागद मिळाले.

मग वारे फिरले. पेकिंगशी दोस्ती करायची असे अमेरिकेने ठरवले, १९६० चे दशक संपता संपता मुस्तांगची रसद आटली, आणि १९७२ साली निक्सनसाहेब माओंच्या भेटीला गेले. १९७४ मध्ये नेपाळी सैन्याने मुस्तांगला वेढा दिला. शस्त्रे खाली ठेवा, हा दलाई लामांचा निरोप ध्वनिफितीवरून छावण्या-छावण्यांतून ऐकवला गेला. लोकांनी शस्त्रे ठेवली. काहींनी ती ठेवण्याऐवजी जीव दिला. त्यांचा नेता ग्यातो वांगदू भारताच्या हद्दीकडे येत असताना टिंकर खिंडीजवळ मारला गेला. आणि त्याच्या आधीचा नेता बाबा येशी? त्याला १९६९ मध्ये बाजूला केले होते, तेव्हापासून दोन गट पडले होते, आणि शेवटच्या दिवसांत त्याचा गट नेपाळ सरकारच्या बाजूला होता. बाहेरचा पैसा आला की संघटनेत फूट कशी पडते, हे कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

१९७४ हे साल आपल्यालाही विसरता येत नाही. ८ मे रोजी रेल्वेचा संप सुरू झाला. हजारो कामगार तुरुंगात, कुटुंबे क्वार्टरमधून बाहेर, आणि संप चालू असतानाच १८ मे रोजी पोखरणला अणुस्फोट. देशाची छाती फुगली आणि आपल्या मागण्या पहिल्या पानावरून आत गेल्या. त्या संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस पुढे संरक्षणमंत्री झाले. तिबेटी जनतेची बाजू आयुष्यभर जाहीरपणे घेणारे जे थोडे भारतीय पुढारी झाले, त्यांत त्यांचे नाव वर आहे. मतभेद काय असतील ते असोत, त्यांची ही निष्ठा खरी होती. पण ते मंत्री असलेल्या सरकारनेच २००३ च्या जूनमध्ये पेकिंगमध्ये लिहून दिले की तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनच्या भूमीचा भाग आहे. एका माणसाच्या प्रामाणिकपणाने राज्ययंत्रणेचा हिशेब बदलत नाही, हे यातून दिसते.

दुसरी वेळ आपली, भारताची. १४ नोव्हेंबर १९६२, नेहरूंचा वाढदिवस. ईशान्येत आपले सैन्य मागे हटत होते. गुप्तवार्ता प्रमुख बी. एन. मलिक आणि बिजू पटनाईक यांच्या पुढाकाराने तिबेटी तरुणांचे गुप्त दल उभारायचा निर्णय झाला. डेहराडूनच्या वरच्या डोंगरात चक्राता इथे छावणी, ब्रिगेडियर सुजानसिंग उबान प्रमुख. त्यांनी महायुद्धात २२ क्रमांकाची पहाडी तोफखाना तुकडी सांभाळली होती, म्हणून दलाचे नाव 'एस्टॅब्लिशमेंट २२' पडले. कागदोपत्री नाव स्पेशल फ्रंटियर फोर्स. आपल्या रेशनकार्डावर खाडाखोड असली तर चौकशी होते; इथे सबंध सैन्यच खाडाखोडीत लपवले होते. आणि गंमत अशी की दल स्थापन होऊन आठवडा होतो न होतो तोच चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. ज्या युद्धासाठी हे दल उभे केले ते युद्ध संपले. दल मात्र राहिले. तिबेटी मुले हवाई छत्रीने उडी मारायला शिकत राहिली. आपण ल्हासाला उतरणार, या आशेवर पिढी गेली.

ल्हासाला ती उतरली नाहीत. १९७१ च्या नोव्हेंबरात सुमारे ३ हजार तिबेटी जवान मिझोरामच्या बाजूने चितगावच्या डोंगराळ प्रदेशात घुसवले गेले. शत्रू पाकिस्तान! तिबेटवर पाकिस्तानने कधी पाऊल ठेवले नव्हते. हात कळू नये म्हणून त्यांना बल्गेरियन बनावटीच्या रायफली दिल्या होत्या. त्यांनी पूल उडवले, ठाणी घेतली, पाकिस्तानी तुकड्यांची पिछाडी अडवली. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे ५६ मेले आणि १९० च्या आसपास जखमी झाले. बांगलादेश झाला, ढाक्क्यात विजयाचे सोहळे झाले, शौर्यपदकांच्या याद्या निघाल्या. या दलाला पदक नाही. जे दलच अस्तित्वात नाही त्याला पदक कसे देणार? काहींना रोख बक्षीस दिले गेले. १९८५ साली उबान यांनी स्वतः पुस्तक लिहिले म्हणून निदान बाहेरच्या जगाला काही कळले.

बांगलादेशच्या मुक्तीबद्दल आम्हाला यत्किंचितही खेद नाही. तो लढा न्याय्य होता. पण दुसऱ्याच्या न्याय्य लढ्यासाठी मरायला, स्वतःच्या लढ्याचे नाव सांगून भरती केलेल्या निर्वासिताला पाठवले गेले, ही गोष्ट न्याय्य म्हणता येत नाही. त्यांना सक्ती नव्हती, असे सांगितले जाते. आम्ही विचारतो, ज्याच्याकडे नागरिकत्व नाही, ज्याची जमीन सरकारने दिलेली, ज्याचे राहणे वेळोवेळी नूतनीकरण होणाऱ्या नोंदणीपत्रावर, तो यजमानाला 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणणार?

महाराष्ट्राला हा व्यवहार परका नाही. इंग्रजांनी पेशवाई बुडवली. त्याआधीपासून मुंबईच्या फौजेत महार सैनिक होते, पिढ्यानपिढ्या होते. १८९२ च्या सुमारास साहेबाने 'लढाऊ जाती'चे शास्त्र काढले आणि महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापाआजाने साहेबासाठी रक्त सांडले त्यांना दरवाजा बंद! अर्ज-विनंत्या झाल्या, टोपलीत गेल्या. पहिले महायुद्ध आले, माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, १९२१ मध्ये नारळ दिला. पुन्हा महायुद्ध आले आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट जन्मली. शौर्य तेच, माणसे तीच. बदलत होती ती फक्त साहेबाची गरज. फरक एकच, आणि तो आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा आहे. महार समाजाला बाबासाहेबांचे नेतृत्व मिळाले, आणि त्याने पलटणीवर विसंबून न राहता मताचा, शिक्षणाचा आणि कायद्याचा हक्क मिळवला. म्हणून १९४१ ची रेजिमेंट टिकली.

आमच्या खात्यातही अशी एक पलटण आहे. खेड्यातले पोस्ट चालवणारा, डोक्यावर टपालाची थैली घेऊन ओढा ओलांडणारा आमचा बंधू, पूर्वीचा ईडी एजंट, २००१ पासून ग्रामीण डाकसेवक. काम खात्याचे, शिक्का खात्याचा, जबाबदारी खात्याची, पण तो 'खात्याबाहेरचा'. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या लोकांचे पद हे नागरी पदच आहे. तरी खात्याच्या कर्मचाऱ्याचे पेन्शन त्यांना आजही नाही. रेल्वेत कॅज्युअल लेबर म्हणून वर्षानुवर्षे राबलेल्यांची कथा वेगळी सांगायला नको. कामावर घ्यायचे आणि यादीवर घ्यायचे नाही, ही सरकारची जुनी खोड आहे. चक्रात्याची छावणी म्हणजे याच खोडीला दिलेली बंदूक.

आता कुणी म्हणेल, जगात पराभूत राष्ट्रे पुन्हा शस्त्रसज्ज झालीच की. जर्मनी झाला, जपान झाला, आणि ती आज श्रीमंत आहेत. हे दाखले आम्हीच पुढे ठेवतो. कारण त्या दोन्ही देशांत पहिला विरोध कामगार संघटनांनी केला होता, आणि तो वेडेपणाने केला नव्हता.

जपान १९४५ साली शरण आला. नव्या घटनेच्या नवव्या कलमाने त्याने युद्धाचा आणि सैन्याचा त्याग केला. हे कलम अमेरिकेच्या छायेतच लिहिले गेले. २५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध भडकले आणि पंधरा दिवसांच्या आत, ८ जुलैला, त्याच अमेरिकेच्या जनरल मॅकार्थरने ७५ हजारांचे 'पोलीस राखीव दल' उभारायचा हुकूम दिला. १९५४ मध्ये त्याचे 'आत्मसंरक्षण दल' झाले. म्हणजे शस्त्र टाकायला लावणारा तोच आणि उचलायला लावणारा तोच. त्याआधी काय झाले होते ते रेल्वे आणि टपाल कामगारांनी लक्षात ठेवावे. १९४८ मध्ये मॅकार्थरच्या पत्रावरून सरकारी नोकरांचा संपाचा हक्क काढून घेतला गेला. १९४९ मध्ये जपानच्या राष्ट्रीय रेल्वेतून ९० हजारांहून अधिक कामगार कमी केले. १९५० मध्ये कम्युनिस्ट ठरवून हजारोंना नोकरीतून काढले. संघटनेची कंबर आधी मोडली, मग बंदुका वाटल्या. तरी १९५१ साली 'सोह्यो' या कामगार महासंघाने पुनर्शस्त्रीकरण नको, परकी तळ नकोत, असे ठराव केले, आणि त्या देशातले नववे कलम आज शाबूत आहे त्यात या लोकांचा वाटा आहे.

जर्मनीचे दोन धडे आहेत. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने त्याचे सैन्य १ लाखावर आणले. त्याने चोरून तयारी चालू ठेवली, तीही सोव्हिएत रशियाच्या भूमीवर. लिपेत्स्कला वैमानिक शिकत होते. २ मे १९३३ रोजी नाझींनी सगळ्या कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. आदल्याच दिवशी कामगारदिन थाटात साजरा केला होता. १६ मार्च १९३५ ला सक्तीची लष्करभरती उघड जाहीर झाली. ब्रिटनने काय केले? तीनच महिन्यांत जर्मनीशी आरमारी करार करून त्याला स्वतःच्या आरमाराच्या ३५ टक्के गलबते बांधायची मोकळीक दिली. बोल्शेविकांविरुद्ध हा गडी उपयोगी पडेल, असे तिथल्या पुष्कळ मोठ्या लोकांना वाटत होते. पुढचे सर्वांना माहीत आहे.

दुसरा धडा १९५५ चा. पश्चिम जर्मनीतल्या कामगार महासंघाने आणि समाजवादी पक्षाच्या लोकांनी जानेवारीत फ्रँकफुर्टच्या पॉल चर्चमध्ये जमून सांगितले की शस्त्र घेतले तर देशाचे दोन तुकडे कायमचे होतील. सरकारने ऐकले नाही. मे महिन्यात पश्चिम जर्मनी नाटोत गेला. आठवडा-दहा दिवसांत वॉर्सा करार झाला. पुढच्या वर्षी पूर्व जर्मनीनेही आपले सैन्य उभे केले. एकाच भाषेची दोन सैन्ये एकमेकांवर नेम धरून ३५ वर्षे उभी राहिली. जर्मनी श्रीमंत झाला हे खरे. पण त्याच्याजवळ निदान स्वतःचे सरकार होते, मतपेटी होती, संसदेत प्रश्न विचारायची सोय होती. तिबेटी माणसाजवळ यातले काय आहे?

आम्हाला चीनचे वकील ठरवण्याची घाई करणाऱ्यांना एवढेच सांगतो: १९५९ चा उठाव रक्तात बुडवणारे राज्य आमच्या लेखी कामगारांचे राज्य नाही, आणि तिबेटी जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क आम्ही मानतो. पराभूताने कधी शस्त्र उचलूच नये, असे अहिंसेचे प्रवचनही आम्ही देत नाही. पराभूताने स्वतःच्या निर्णयाने, स्वतःच्या संघटनेच्या जोरावर काय करायचे ते त्याचे तो ठरवेल. दलाई लामांनी १९८८ साली स्ट्रासबर्गला स्वातंत्र्याची मागणी बाजूला ठेवून खऱ्या स्वायत्ततेचा मध्यम मार्ग मांडला. पुष्कळ तिबेटी तरुणांना तो पटत नाही. तो वाद त्यांचा आहे. पण गुप्त दल हे तिसऱ्याच कुणाच्या खिशात असते. ते भारताच्या कॅबिनेट सचिवालयाच्या अखत्यारीत आहे, धरमशाळेच्या नव्हे.

याची किंमत आपल्या देशानेही मोजली आहे. पन्नाशीच्या अखेरीस अमेरिकन विमानांतून पडलेल्या बंदुकांचा हिशेब चीनने भारताच्या खात्यावर मांडला. कालिंपाँग हे कटाचे केंद्र आहे असा कांगावा केला. नेहरूंचा त्या बंदुकांत हात नव्हता. पण संशय वाढत गेला आणि १९६२ पर्यंत पोचला. गुप्त शस्त्रांचा गुणच हा, की ज्याने ती दिली नाहीत त्यालाही उत्तर द्यावे लागते. उद्या उघडपणे 'तिबेटचा पत्ता' टाकला, तर उत्तर स्टुडिओतल्या लोकांना द्यावे लागणार नाही. सीमेवरच्या जवानाला द्यावे लागेल, आणि तिबेटात उरलेल्या कुटुंबांना.

अगदी अलीकडचे पाहा. २९-३० ऑगस्ट २०२० च्या रात्री पँगाँग सरोवराच्या दक्षिणेकडची शिखरे आपल्या सैन्याने चीनच्या आधी गाठली. त्यात हे तिबेटी जवान होते. त्या मोहिमेत एक तिबेटी जवान सुरुंगाच्या स्फोटात गेला. तो सुरुंग १९६२ च्या युद्धातला होता, असे तेव्हा छापून आले. म्हणजे बापाच्या पिढीत पेरलेले मुलाच्या पिढीत फुटले. ७ सप्टेंबरला लेहला अंत्यविधी झाला. शवपेटीवर तिरंगा होता, तिबेटचा हिमसिंह ध्वज होता. सत्ताधारी पक्षाचे राम माधव हजर राहिले, तसे त्यांनी ट्विटरवर लिहिले, आणि मग ते लिहिलेले काढून टाकले. साठ वर्षांनी या दलाला मिळालेली मान्यता काही तासांची निघाली. २०२१ च्या फेब्रुवारीत समझोता झाला आणि ती शिखरे आपण सोडली. सोडू नयेत असे आमचे म्हणणे नाही. समझोत्याने रक्त वाचत असेल तर चांगलेच. पण वाटाघाटीच्या टेबलावर ज्या शिखराचे मोल वाजवून घेतले, त्याखाली मेलेला माणूस कोण होता याची नोंद त्या कराराच्या कुठल्या कलमात आहे? पुढे २०२४ च्या ऑक्टोबरात गस्तीचा करार झाला, २०२५ मध्ये कैलास-मानसची यात्रा पुन्हा सुरू झाली, पंतप्रधान तिआनजिनला जाऊन आले. पत्ता परत खिशात गेला.

आता बैलकुप्प्याच्या तरुणाकडे वळू. त्याचे आजोबा खडी फोडत आले. बाप कदाचित चक्राताला होता. मुलाला भारतात जन्मूनही नोंदणीपत्र बाळगावे लागते. कायद्याने २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी हा भारताचा नागरिकच आहे. तसे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले, २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांना मतदारयादीत घ्यायला सांगितले. पण २०१७ मध्ये पासपोर्ट मागणाऱ्यांना अटी घातल्या गेल्या: नोंदणीपत्र परत करा, वसाहतीत राहू नका, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडा. म्हणजे नागरिक व्हायचे तर घर सोडा. १९८७ नंतर जन्मलेल्यांना तर तोही दरवाजा नाही. बंदूक घ्यायची तर मात्र वसाहत सोडायची अट नाही! आमच्या माहितीत असा दुसरा मालक नाही जो माणसाला मरायला कायम ठेवतो आणि जगायला हंगामी.

आणि हे फक्त तिबेट्यांचे दुखणे आहे असे समजून पान उलटू नये. २०२२ पासून आपल्याच खेड्यांतल्या पोरांना चार वर्षांच्या बोलीवर सैन्यात घेतात आणि चारांतल्या तिघांना घरी पाठवतात. ज्या युक्त्या निर्वासितांवर आधी वापरून पाहिल्या जातात, त्या यथावकाश आपल्या दारी येतात.

दिवाळी सरली की पुण्यात, नागपुरात, नाशकात तिबेटी स्वेटरवाल्यांचा बाजार भरतो. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यातही १९७२ पासून त्यांची वसाहत आहे. त्यांची गाठोडी आपल्याच पार्सल ऑफिसातून उतरतात, त्यांच्या मनीऑर्डरी आपणच पोचवल्या. हे लोक आपल्याला पत्ता म्हणून नव्हे, गिऱ्हाईक-दुकानदार म्हणून, शेजारी म्हणून ठाऊक आहेत.

आमच्या महासंघाने याबाबत गुळमुळीत शांततेचा ठराव करू नये. संसदेतल्या आपल्या मित्र-खासदारांना आपण सांगावे की स्पेशल फ्रंटियर फोर्समध्ये सेवा केलेल्या प्रत्येक तिबेटी जवानाची सेवा उघडपणे मान्य झाली पाहिजे. भारतीय सैन्यातल्या समान हुद्द्याइतके वेतन, निवृत्तिवेतन आणि विधवावेतन त्याला कायद्याने, बक्षीस म्हणून नव्हे तर हक्क म्हणून मिळाले पाहिजे. १९७१ च्या ५६ जणांची नावे सरकारने छापली पाहिजेत. भारतात जन्मलेल्या तिबेट्यांना, ज्यांना हवे त्यांना, वसाहतीतले घर न सोडता नागरिकत्व मिळावे. आणि हे होईपर्यंत त्या वसाहतींतून या दलाची नवी भरती थांबवावी. यातली शेवटची मागणी काही तिबेटी बंधूंनाही रुचणार नाही, कारण त्या नोकरीवर घरे चालतात. ते आम्हाला ठाऊक आहे आणि त्यांच्याशी बोलायला आम्ही तयार आहोत. म्हैसूर विभागातल्या आमच्या रेल्वे आणि टपाल शाखांनी बैलकुप्प्याला जाऊन तिथल्या निवृत्त जवानांच्या आणि विधवांच्या तक्रारी लिहून घ्याव्यात. पेन्शनचा अर्ज कसा भरायचा आणि नाकारला तर अपील कुठे करायचे, हे आपल्या लोकांइतके चांगले दुसऱ्या कुणाला येत नाही.